स्पीडस्टर रेप्लिकाला नवा गिअर शिफ्टर: आधी काय तपासायचं, मग काय घ्यायचं

फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर बांधलेली पोर्श 356 स्पीडस्टरची रेप्लिका (हुबेहूब नक्कल) घेतली की पहिली तक्रार सहसा इंजिनाची नसते, ब्रेकचीही नसते. ती असते गिअरच्या दांडीची. पहिला कुठे संपतो आणि तिसरा कुठे सुरू होतो याचा अंदाज येत नाही. दुसरा टाकायला जावं तर हात रिव्हर्सच्या बाजूला सरकतो आणि कर्र आवाज होतो. चेतक चालवलेल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल: केबल सैल झाली की मुठीवर दुसरा दिसायचा आणि इंजिन न्यूट्रलमध्ये बोंबलत असायचं.

मग रात्री बसून कॅटलॉग उघडायचा, चकचकीत क्रोमची दांडी बघायची आणि ऑर्डर टाकून मोकळं व्हायचं, असा सर्वसाधारण क्रम असतो. अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक हल्ली या गाड्यांच्या नादी लागलेत, आणि नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: कुठला शिफ्टर घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. आत्ता कुठलाच नको. आधी गाडीखाली वाका, मग कार्पेट उचला, आणि त्यानंतरच पाकिटाला हात घाला. कारण ढिल्या गिअरचा दोष बऱ्याच गाड्यांत दांडीमध्ये नसतोच.

आपली गाडी नक्की कशावर उभी आहे?

मूळ स्पीडस्टर 1954 मध्ये आली. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांना अमेरिकन बाजारासाठी स्वस्त, साधी, उघडी पोर्श हवी होती आणि ती 2,995 डॉलरला विकली गेली. आज त्या मूळ गाड्यांचे भाव ऐकून आपण गप्प बसतो आणि रेप्लिकाकडे वळतो. रेप्लिका शक्य झाली ती बीटलमुळे. दोन्ही गाड्यांचा वंश एकच, दोन्हींत इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. त्यामुळे बीटलचा फ्लोअरपॅन (गाडीचा पत्र्याचा तळ) घ्यायचा, तोकडा करायचा आणि त्यावर फायबरची बॉडी बसवायची, हा मार्ग रूढ झाला.

तोकडा करायचा म्हणजे किती? बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2400 मिलिमीटर, 356 चं 2100. म्हणजे पॅनमधून जवळजवळ फूटभर तुकडा कापला जातो. आता नीट लक्ष द्या: पॅनच्या मधोमध जो बोगदा असतो, त्यातून गिअरचा रॉड मागे जातो. पॅन फूटभर तोकडा झाला तर रॉडही तेवढाच कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. हे वेल्डिंग कुणी केलं, कुठे केलं, जिग (तुकडे सरळ धरून ठेवणारा साचा) लावून केलं की अंदाजाने, हे बहुतेक मालकांना ठाऊक नसतं. साध्या बीटलसाठी लिहिलेल्या सल्ल्यात हा मुद्दा नसतो, आणि आपल्या गाडीत तोच सगळ्यात महत्त्वाचा असू शकतो.

सगळ्या रेप्लिका बीटलच्या पॅनवर नसतात हेही खरं. व्हँकुव्हरच्या इंटरमेकॅनिकासारख्यांनी स्वतःची नळ्यांची चासी वापरून गाड्या बांधल्या. तुमची गाडी तशी असेल तर रॉड, बुश (रॉड ज्यातून सरकतो ते अस्तर), माउंट (गिअरबॉक्सचे रबरी आधार) या गोष्टी वेगळ्या असू शकतात, आणि सुटा भाग मागवण्याआधी बांधणाऱ्याच्या कागदपत्रांत डोकं घालावं लागेल. सुबारूचं इंजिन आणि केबलवर चालणारा सुबारूचाच गिअरबॉक्स टाकला असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. पुढचं सगळं बीटलचा पॅन आणि बीटलचाच चार गिअरचा बॉक्स धरून आहे.

दांडी ते गिअरबॉक्स: मध्ये काय काय आहे

दांडीचा खालचा गोळा रॉडच्या पुढच्या टोकाच्या वाटीत बसतो. दांडीच्या बुडाखाली एक पत्र्याची चकतीवजा पट्टी असते, तिला स्टॉप प्लेट म्हणतात. चुकून रिव्हर्स लागू नये म्हणून हीच पट्टी दांडीला अडवते. रॉड बोगद्यातून मागे जाताना एका कडीत बसवलेल्या बुशमधून जातो. मागे, सीटच्या पाठीमागे कार्पेटखाली एक छोटं झाकण असतं, त्याखाली कपलर: रॉड आणि गिअरबॉक्सचा दांडा यांना जोडणारा तुकडा. त्यापुढे गिअरबॉक्सचं नाक, आणि नाकात तो दांडा ज्यातून सरकतो तो आणखी एक बुश.

म्हणजे हातातल्या मुठीपासून दातऱ्यांपर्यंत निदान अर्धा डझन जागा अशा आहेत, जिथे थोडीथोडी झीज होते. प्रत्येक ठिकाणी एक मिलिमीटर ढिलाई आली तरी मुठीपाशी ती कितीतरी पट वाढलेली जाणवते, कारण दांडी लांब आहे. नवा शिफ्टर यातली फक्त पहिली जागा दुरुस्त करतो.

पहिली पायरी: दोष कुठे आहे ते शोधा

गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना उटी लावा, इंजिन बंद. चौथा गिअर टाका आणि मूठ डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवून बघा. किती हलते ते लक्षात ठेवा. मग मागचं झाकण उघडा. झाकण सापडत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच रेप्लिकांमध्ये ते गालिच्याखाली आणि कधी आवाजरोधक चादरीखाली गाडलेलं असतं.

आता एका मित्राला सीटवर बसवा आणि त्याला मूठ हळूहळू हलवायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन कपलरकडे बघत राहा. पाहायचं असं: मूठ हलली तेव्हा रॉड लगेच हलतो का, की मूठ आधी बरीच सरकते आणि मग रॉड जागा होतो? तसं असेल तर ढिलाई पुढे आहे, म्हणजे दांडीच्या गोळ्यात किंवा बोगद्यातल्या बुशमध्ये. रॉड हलतो पण गिअरबॉक्सचा दांडा मागून हलतो, तर कपलर गेला. जुना रबरी कपलर असेल तर रबर चिरलेलं, तेलाने फुगलेलं डोळ्यांनी दिसतं. आणि गिअरबॉक्सचा दांडा स्वतःच वर-खाली डुगडुगतो, भोवती तेल आलंय, तर नाकातला बुश झिजलाय. हे शेवटचं काम घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखं आहे, पण नवख्याने एकट्याने अंगावर घेऊ नये.

एक परीक्षा मी सगळ्यांना करायला लावतो, कारण तिच्यात संशयाला जागा उरत नाही. कपलर सोडवा, आणि गिअरबॉक्सच्या दांड्यावर पकड लावून हातानेच गिअर टाका: फिरवा, ढकला, ओढा. गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी लागेल, नाहीतर दात समोरासमोर येऊन गिअर अडतो. गिअर टक-टक करत स्वच्छ पडत असतील तर बॉक्स निरोगी आहे आणि तुमचा प्रश्न रॉड-बुश-दांडीचा आहे. इथेही जड, अडकत पडत असतील तर जगातला सगळ्यात महाग शिफ्टर लावूनही काही होणार नाही. तो खर्च गिअरबॉक्सवाल्याकडे जायला हवा.

आता वेल्ड केलेल्या रॉडबद्दल. ओळखीच्या एकाची गाडी होती, त्यात पहिला-दुसरा टाकताना दांडी चालकाच्या गुडघ्याला चिकटायची आणि तिसरा-चौथा मात्र सरळ उभ्या दांडीत पडायचा. रिव्हर्स टाकायचं तर पाय बाजूला घ्यावा लागे. आधीच्या मालकाने दोन वेगवेगळे शिफ्टर लावून पाहिले होते. शेवटी रॉड बाहेर काढला तेव्हा दिसलं, वेल्ड करताना मागचा तुकडा पुढच्या तुकड्याच्या मानाने थोडा फिरला होता. पुढची वाटी आणि मागचं टोक यांचा कोन बिघडला की मुठीचा सगळा नकाशाच तिरका होतो. दांडी बदलून हा कोन सुधारत नाही. रॉड कापून, आत घट्ट बसणारी नळी घालून, सरळ ठेवून पुन्हा वेल्ड करणं हाच उपाय. बीटलचा जुना अखंड रॉड शेजारी ठेवला तर दोन्ही टोकांचा कोन पडताळता येतो.

रॉड वाकडा वेल्ड झाला असेल तर तो बुशमध्ये घासत जातो आणि गिअर जड पडतात. लांबीत गडबड असेल तर न्यूट्रलमध्येच दांडी पुढे झुकलेली किंवा मागे कललेली दिसते. थोडासा फरक शिफ्टरच्या बुडाच्या लांबट भोकांत जुळवून घेता येतो, जास्त नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्यांचा दोष नेहमी बिचाऱ्या दांडीवर येतो. पहिली, क्लच. रिव्हर्स टाकताना कर्र होतं, पण इंजिन बंद असताना गिअर गुपचूप पडतो? मग क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलला वर 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल असायला हवी. ती गिअरबॉक्सपाशी क्लच केबलच्या टोकाला असलेल्या पंखाच्या नटाने जुळवतात. दुसरी, गिअरबॉक्सचे माउंट. रबर मेलेलं असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर अख्खा बॉक्स हलतो, रॉड मात्र जागेवर राहतो, आणि गिअर आपोआप सुटतो. लोक याला शिफ्टर घसरतोय म्हणतात.

गिअर ऑइलही बघून घ्या. या बॉक्सला जीएल-4 दर्जाचं ऑइल योग्य. आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना (दातऱ्यांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवतं. ऑइल भरायचा प्लग 17 मिलिमीटरच्या षटकोनी ॲलन कीने उघडतो, आणि रिकाम्या बॉक्समध्ये पुन्हा भरताना साधारण अडीच लिटर लागतं. भरण्याचा प्लग आधी उघडा, उपसण्याचा नंतर. वरचा उघडलाच नाही तर खालून सगळं ऑइल सोडून बसाल आणि गाडी हलवता येणार नाही.

दुसरी पायरी: स्वस्तातलं आधी बदला

बोगद्यातला बुश, कपलर आणि स्टॉप प्लेट. हे तीन मिळून एका चांगल्या शिफ्टरच्या किमतीचा छोटासा भाग होतो. बुश तर अगदी किरकोळ पैशाचा. अडचण किमतीची नाही, हात पोचण्याची आहे. शिफ्टर काढून त्या भोकातून, बोटांच्या टोकाने, ग्रीसमध्ये माखलेल्या हाताने बुश कडीत बसवायचा आणि त्याची तारेची रिंग सांभाळायची. रिंग बोगद्यात पडली की चुंबक लावलेली काठी शोधत घरभर फिरावं लागतं. रॉड पूर्ण बाहेर काढायची वेळ आली तर बीटलमध्ये तो पुढून निघतो. रेप्लिकामध्ये त्या वाटेवर फायबरची बॉडी आडवी आली आहे का, ते काम सुरू करण्याआधी बघा.

कपलर रबराऐवजी युरेथेनचा घेतला तर गिअर जास्त स्पष्ट लागतात आणि थोडी थरथर मुठीपर्यंत येते. रस्त्यावरच्या गाडीला युरेथेन पुरे. पूर्ण धातूचा कपलर शर्यतीवाल्यांसाठी ठेवा. कपलर बसवताना त्याचा चौकोनी डोक्याचा स्क्रू दांड्यावरच्या खळग्यात नेमका बसला पाहिजे, आणि घट्ट केल्यावर त्याला तार ओवून बांधायचीच. ती तार नसेल तर स्क्रू कधीतरी सैल होणार, आणि ज्या गिअरमध्ये असाल त्याच गिअरमध्ये घरी यावं लागणार.

एवढं करून गाडी चालवा. अनेकांचं काम इथेच भागतं आणि नव्या शिफ्टरची गरज उरत नाही. गरज उरली, किंवा हौस उरली (तीही कारण म्हणून मान्य आहे), तर पुढे वाचा.

तिसरी पायरी: निवड

नवखे लोक दोन गोष्टींवरून निवडतात: दिसतो कसा आणि चाल किती आखूड. मी वेगळा क्रम सांगेन. आधी रिव्हर्सचा बंदोबस्त, मग हाताची पोच, मग चाल, आणि शेवटी रूप.

रिव्हर्स आधी का, ते सांगतो. बीटलच्या नकाशात रिव्हर्स डावीकडे मागे, म्हणजे दुसऱ्या गिअरच्या अगदी शेजारी असतो. मूळ व्यवस्थेत दांडी खाली दाबून, डावीकडे नेऊन मागे ओढली की रिव्हर्स पडतो. तिसऱ्यातून घाईघाईने दुसऱ्यात येताना, स्टॉप प्लेट झिजलेली असेल तर हात सरळ रिव्हर्सच्या रांगेत शिरतो. वेगात हे झालं तर दातऱ्यांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे शिफ्टर कोणताही घ्या, त्यात रिव्हर्सला स्वतंत्र, भक्कम कुलूप हवं. कुणाच्या मुठीखाली बंदुकीच्या घोड्यासारखा खटका असतो, कुणात कडी वर ओढायची असते, कुणात मूळसारखंच दाबायचं. खटका नवख्याला सोपा जातो, कारण तो दाबल्याशिवाय रिव्हर्स मिळतच नाही. दाबायची पद्धत जुनी आणि नेटकी, पण स्प्रिंग कडक हवी.

पोच म्हणजे मूठ तुमच्या हातापाशी येते का. स्पीडस्टरमध्ये आपण बीटलपेक्षा बरेच खाली बसतो, पाय पसरून. बीटलसाठी बनवलेली दांडी त्यामुळे उंच वाटते, आणि काही गाड्यांत पहिला-तिसरा टाकताना बोटांची पेरं डॅशबोर्डला लागतात. उलट फारच आखूड दांडी घेतली तर तिसऱ्यासाठी कमरेतून वाकावं लागतं. उंची 5 फूट 4 इंच असलेल्याला आणि 6 फूटवाल्याला एकच दांडी सोयीची असणार नाही, मग कॅटलॉगात काहीही लिहिलेलं असो.

मोजण्याची सोपी युक्ती आहे. सीट आपल्या नेहमीच्या जागी लावा, बेल्ट बांधा. शिफ्टर काढलेल्या जागी, किंवा जुन्या दांडीला चिकटपट्टीने बांधून, एक लाकडी काठी उभी करा आणि वर टेनिसचा चेंडू खोचा. डोळे मिटून हात सोडा. हात जिथे नैसर्गिक पडतो तिथे मूठ हवी. मग पहिल्या आणि तिसऱ्याच्या जागी डॅशबोर्डपासून किती जागा राहते ते बघा, तीन बोटं तरी हवीत. दुसऱ्या-चौथ्यात कोपर सीटला लागतं का तेही. ही उंची टेपने मोजून कागदावर लिहा आणि तीच घेऊन दुकानात किंवा वेबसाइटवर जा. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात उजव्या हाताची गाडी असेल तर आणखी एक तपासा: काही दांड्या चालकाच्या बाजूला वाकवलेल्या असतात, आणि ती बाजू डावीच धरलेली असते.

आता आखूड चाल. इथे थोडं गणित आहे, पण सोपं. दांडीचा टेकू मध्ये असतो, वर मूठ आणि खाली गोळा. समजा टेकूच्या वर 12 इंच आणि खाली 3 इंच. म्हणजे रॉड एक इंच सरकवायला मूठ चार इंच सरकते. वरचा भाग कापून 9 इंच केला तर प्रमाण चाराचं तीनावर येतं: चाल पाव हिश्शाने कमी, पण ताकद एक तृतीयांशाने जास्त. टेकूच उंच उचलला, म्हणजे वरचा भाग कमी आणि खालचा जास्त, तर चाल आणखी घटते आणि जोर आणखी लागतो. बाजारात बुडाखाली घालायचे जे स्वस्त ठोकळे मिळतात ते हेच करतात.

फुकट काहीच मिळत नाही. बॉक्समधल्या सिंक्रो रिंगांना दोन दातऱ्यांचा वेग जुळवायला क्षणभर वेळ लागतो. जुन्या, झिजलेल्या रिंगा असतील आणि तुम्ही आखूड दांडीने जोर लावून गिअर कोंबत असाल, तर झीज वाढते. त्यात सकाळी थंड ऑइलमध्ये दुसरा गिअर तसाही कुरकुरतोच. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या, रविवारी डोंगराकडे फिरवायच्या गाडीला चाल पाव हिश्शाने कमी झाली तरी भरपूर. निम्म्यावर आणलेली चाल पहिल्या दिवशी फार मजेची वाटते, आणि मग ट्रॅफिकमध्ये मनगट बोलू लागतं.

कोणाचा घ्यायचा? मोठमोठ्या याद्या द्यायचा मला कंटाळा आहे, पण नावं तर हवीतच. कॅलिफोर्नियाच्या एम्पी कंपनीचा खटक्याचा शिफ्टर, हर्स्ट या अमेरिकी शिफ्टरवाल्यांच्या धाटणीचा, सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. साधारण शंभर डॉलरच्या आत-बाहेर. काम करतो, पण त्याच्या भागांना थोडी कानशी मारावी लागली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. स्कॅटचा ड्रॅग फास्ट नावाप्रमाणेच ड्रॅग शर्यतीच्या (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या) लोकांत वाढलेला, टी-आकाराची मूठ. जुन्या युरोपीय रूपाच्या गाडीत तो मला तरी परका दिसतो. कॅलिफोर्नियातच जीन बर्ग यांच्या दुकानाचा शिफ्टर भक्कमपणासाठी नावाजलेला. जर्मनीचा सीएसपी आणि तैवानचा व्हिंटेज स्पीड हे दोघे मूळ रूपाशी जुळणाऱ्या दांड्या करतात, आत मात्र घट्ट, नेमकं यंत्रकाम. हे सगळे वरच्या किमतीत, दोनशे-तीनशे डॉलर आणि पुढे.

स्पीडस्टरमध्ये रूपाला थोडं वजन द्यायला माझी हरकत नाही. मूळ 356 ची दांडी बारीक, लांब, किंचित वाकलेली आणि वर छोटी गोल मूठ अशी होती. त्या डॅशबोर्डसमोर जाडजूड काळा खटका बघवत नाही. म्हणून माझी पसंती मूळ रूपाच्या, वाकवलेल्या, रिव्हर्सचं चांगलं कुलूप असलेल्या दांडीला. पैसे नसतील तर मूळ बीटलचाच शिफ्टर, नवी स्टॉप प्लेट, नवी स्प्रिंग, नवा बुश. हा जोड स्वस्तातल्या नव्या शिफ्टरपेक्षा बऱ्याचदा सरस निघतो.

मागवताना पॅनचं वर्ष सांगा, गाडीच्या रजिस्ट्रेशनवरचं वर्ष नव्हे. अमेरिकेत 1968 पर्यंतच्या बीटलचा मागचा ॲक्सल वेगळ्या पद्धतीचा होता आणि 1969 पासून तो बदलला, म्हणून माउंट आणि इतर भाग मागवताना वर्षाला महत्त्व आहे. रेप्लिकेच्या कागदांवर काहीही असू शकतं, 1957 सुद्धा. पॅनवरचा नंबर मागच्या सीटच्या जागी, बोगद्यावर कोरलेला असतो.

चौथी पायरी: बसवणं

शिफ्टरचं बूड दोन बोल्टवर बसतं, 13 नंबरचा पाना. काढण्याआधी स्टॉप प्लेटचा फोटो काढा, वरून आणि बाजूने. तिची उचललेली कड उजवीकडे येते, पण पहिल्यांदा उघडताना ग्रीसमध्ये ते ओळखू येत नाही, आणि उलटी बसली की रिव्हर्स पडणारच नाही किंवा भलत्या वेळी पडेल. नव्या शिफ्टरमध्ये मूळ प्लेट ठेवायची की काढायची, हे ज्याच्या त्याच्या रचनेवर अवलंबून आहे. सोबतचा कागद वाचा. मूळ आणि नवी अशा दोन्ही प्लेट ठेवल्या तर दांडी अडते, दोन्ही काढल्या तर रिव्हर्सला अडवणारं कुणी उरत नाही.

वाटी स्वच्छ पुसा. जुनं, वाळून काळं झालेलं ग्रीस राहिलं तर नव्या गोळ्याचीही किरकिर सुरू होते. नवं ग्रीस भरा, गोळा वाटीत सरळ बसला याची बोटाने खात्री करा, मग बूड खाली आणा. बोल्ट हाताने सगळे आटे धरेपर्यंत फिरवा, पान्याने लगेच आवळू नका.

आता जुळवणी. बुडाची भोकं लांबट असतात, त्यामुळे शिफ्टर थोडा पुढे-मागे सरकतो. इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाका, गाडी जरा ढकलून तो पूर्ण बसल्याची खात्री करा. बूड असं सरकवा की दांडीवर कुठूनही ताण नाही, आणि बोल्ट अर्धवट आवळा. मग क्रमाने पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक गिअर पूर्ण बसल्यावर दांडीला पुढे अजून थोडी जागा उरली पाहिजे. दांडी सीटला, कार्पेटला किंवा बोगद्याच्या कडेला आधी टेकत असेल तर गिअर अर्धाच बसतो आणि उतारावर सुटतो. हे नव्या शिफ्टरनंतर वारंवार होतं, आणि लोक दोष बॉक्सला देतात. कार्पेट कापून जागा करा.

शेवटी रिव्हर्स. खटका न दाबता दुसऱ्याकडे जाताना जोर लावून पाहा, रिव्हर्सची रांग उघडता कामा नये. मग खटका दाबून रिव्हर्स टाका, तो सहज पडला पाहिजे. दोन्ही जमलं की बोल्ट पक्के आवळा. जमत नसेल तर बूड एक-दोन मिलिमीटर सरकवून पुन्हा. या कामात घाई उपयोगी नाही. आवळायचं, तपासायचं, ढिलं करायचं, असं दुपारभर चालू शकतं.

पहिली फेरी रस्त्यावर नको, मोकळ्या पार्किंगमध्ये. इंजिन गरम होऊ द्या, कारण थंड ऑइलमध्ये सगळेच गिअर खोटं बोलतात. तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याची सवय मुद्दाम कमी वेगात करा. नव्या दांडीचा हात बसायला थोडे दिवस जातात.

मुठीबद्दल एकच: सुंदर मूठ वेगळी मागवणार असाल तर दांडीवरचे आटे कोणते ते आधी विचारा. काही दांड्यांवर इंचातले, काहींवर मेट्रिक आटे असतात आणि जवळपासचा आटा जबरदस्तीने बसवला की मूठ कायमची जाते. बुडाची रबरी किंवा चामड्याची टोपी बोगद्याच्या भोकावर घट्ट बसवा, नाहीतर खालची धूळ आणि ग्रीसचा वास केबिनमध्ये येतो.

काही आठवडे गाडी फिरवल्यावर दोन जागा पुन्हा बघा: बुडाचे बोल्ट आणि कपलरच्या स्क्रूची तार. नवं ग्रीस आणि नवे भाग बसले की बोल्टला बहुधा पाव फेरा मिळतो. जुना शिफ्टर, स्टॉप प्लेट आणि स्प्रिंग एका पिशवीत घालून त्यावर पॅनचं वर्ष लिहून ठेवा. नव्या शिफ्टरचा एखादा भाग मोडला आणि दुसरा यायला महिना लागणार असला, तर गाडी त्याच पिशवीवर चालते.